सरांना विचारून

माझी मुलगी अमेरिकेतल्या एका कॉलेजात लांब उडी मारते आणि त्या बदल्यात कॉलेज तिची फी, राहणं, जेवण बघतं. लांज्याला आमचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. त्याच्या जोरावर ती तिकडे गेली नसती.

ती दुसऱ्या वर्षाला गेली आणि तिकडचे नियम बदलले. कॉलेजं खेळाडूंना उघड पैसे देऊ लागली. बहुतेक पैसा फुटबॉलच्या मुलांकडे गेला. आमच्या मुलीला विद्यार्थी व्हिसावर तो घेताही येत नाही. वर संघात किती जणी ठेवायच्या, यालाही मर्यादा आली. त्यामुळे जी ती दुसरं कॉलेज शोधू लागली.

एका सकाळी बायका कामावर यायच्या आत तिचा फोन आला.

"आई, पोर्टलवर नाव घालू का? म्हणजे दुसऱ्या कॉलेजांना कळतं, ही यायला तयार आहे. माझ्या खोलीतल्या, संघातल्याच दोघींनी घातलंय."

"उडी शिकवणाऱ्या सरांना विचारलंस?"

"इथे विचारत नाहीत. नाव घातलं की त्यांना कळतंच."

"आणि कोणी घेतलं नाही तर?"

"तर इथली फी बंद होऊ शकते."

"मग डोकं फिरलंय काय गो तुझं? आधी सरांना विचार."

माझं हे शहाणपण कारखान्यातलं होतं. आमच्याकडे बी फोडणारी बाई दुसरीकडे जाणार असेल तर आधी येऊन सांगते. सांगून गेलेलीला आम्ही परत घेतो. न सांगता गेलेलीला गावात दुसरा कोणी मालक उभं करत नाही. आणि मालकानेही शब्द दिला की हंगामभर पाळायचा.

तिने उड्यांच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, तुला मी पुढच्या वर्षी धरलेलंच आहे, निश्चिंत राहा. मी त्यांच्यासाठी एका ओळखीच्या माणसाबरोबर आंब्याच्या वाळवलेल्या रसाची साठं पाठवली. तिने नाव घातलं नाही आणि मुदत संपली. दहा दिवसांनी सर जास्त पगारावर दुसऱ्या कॉलेजात गेले, आणि खोलीतल्या त्या दोघी त्यांच्या मागोमाग तिथेच गेल्या. नव्या सरांनी आपल्या मुली आणल्या. आमच्या मुलीला पत्र आलं: पुढच्या वर्षी संघात जागा नाही, फीही नाही.

"तुझा काजूचा कायदा अमेरिकेत चालवायला गेलीस," नवरा म्हणाला. 

मी नव्या सरांना ईमेलने पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात मुलीचं नावही चुकलेलं. तिच्या उड्यांचे व्हिडिओ जोडून मी सापडेल त्या कॉलेजला लिहीत गेले. काहींनी जागा भरल्याचं कळवलं, बाकीच्यांनी काहीच नाही. जन्मात कधी कोणापुढे हात पसरले नव्हते. आता सकाळी चहाआधी पत्रं उघडते आणि चहा तसाच राहतो.

परवा फोनवर तिने विचारलं, "आई, नव्या सत्राची फी भरायला तीन आठवडे आहेत. परत येऊ?"

मी म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर. या वेळी मला विचारू नकोस."

"नाव घालायच्या वेळी असं म्हणाली असतीस तर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता माझ्याकडे ठरवण्यासारखं काही उरलंय का?"

 मग तीच म्हणाली, "तिकीट बघ."