ड्रायव्हरीणबाईंचं इंजिन

तुमसरच्या आमच्या गल्लीत ड्रायव्हरीणबाईंच्या चुलीवर चहाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढला, की शहाणे पुरुष मागच्या दाराने पसार होत आणि भले पुरुष सदरे काढून समोर हजर होत. आज काहीतरी जड उचलायचं आहे, हे त्या गंजावरून सगळ्यांना कळायचं. धान साठवायची ढोली सरकवायची असो की कुणाचं लोखंडी कपाट माडीवर चढवायचं असो, बाई कुणाला हाक म्हणून मारीत नसत. "हाक मारली का माणूस उपकार करते," त्या म्हणत, "चाय मांडली का आपल्या मनानं येते." मी फारसा शहाणा नव्हतो आणि भला तर बेताचाच; पण त्यांच्याच घरात भाड्याने राहत असल्यामुळे मला पळून जायला दुसरं दारच नव्हतं.

आणीबाणी नुकतीच उठली होती आणि मी शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो होतो. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र धान बाजाराच्या पार टोकाला पोचेल असा. स्टिअरिंगला त्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता. ड्रायव्हर होते ते त्यांचे यजमान. त्यांची स्वतःची एक काळी मोटार होती. तुमसर रोड स्टेशनच्या सवाऱ्या आणि हंगामात लग्नाची वऱ्हाडं ती वाहायची. यजमान अचानक गेले. आता बाई मोटार विकणार, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी यजमानांच्या हाताखालच्या भोजरामला बोलावलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "उद्याच्या गाडीच्या टायमावर ठेसनात जाजो." गल्लीने त्यांना ड्रायव्हरीणबाई म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि शेवटी मानाने.

मोटार मागच्या गोठ्यात असायची. बैल नव्हते, गव्हाण तशीच होती. सकाळी पूजा आटोपली की बाई ओल्या फडक्याने तिचे दिवे पुसत. मी एकदा थट्टेने म्हणालो, "बाई, देवाआधी हिलाच हळदीकुंकू लावता की काय?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, ही कमावून राहिली म्हणून मी माह्या घरात जेवून राहिली. नाही तं कोणाच्या घरी वाढून घेतलं असतं." त्यानंतर मी मोटारीची थट्टा केली नाही, निदान त्यांच्यासमोर तरी.

'कोणाच्या घरी' म्हणजे आंबागडला, धाकट्या दिरांच्या घरी. हे भाऊजी अगदी देवमाणूस. पायलीभर तांदूळ, वांगी, कधी जंगलातली चारं, म्हणजे चारोळीची फळं, असं काहीबाही घेऊन महिन्याकाठी यायचे, आणि जाताना तोच विषय काढायचे. "वहिनी, एकट्या कायले राहता? आमच्या घरी जागा कमी हाय का?" बाई त्यांच्या पिशवीत काहीतरी परत भरत म्हणायच्या, "जागा नाही कमी, भाऊजी. माही चूल कमी पडते." भाऊजींना ते कळत नसे. त्यांच्या भरल्या घरात मोठ्या वहिनीने सुखाने बसून खावं, यापलीकडे सन्मान तो कोणता! वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. बाईंची अडचण ही होती की भाऊजी वाईट नव्हते.

अशातच त्या पावसाळ्यात मोटारीने धूर ओकायला सुरुवात केली. चढ आला की ती थांबायची आणि सवाऱ्या उतरून ढकलायच्या. इंजिन बसलं, असं भोजरामने तोंड पाडून सांगितलं. भाऊजी आले, त्यांनी मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "आता बस झालं. तुळशीच्या लग्नावरी गाडी चालली तं मी तोंड नाही उघडणार. नाही चालली, तं विकू आन तुमी आंबागडले चलाल. आहे कबूल?" बाईंनी क्षणभर चुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कबूल." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला ते फार लागलं.

इंजिन नागपूरला नेऊन दुरुस्त होण्यासारखं होतं. गावातला एक मिस्त्री म्हणाला, गाडी ओढून माझ्याकडे आणा, मी काढून देतो. बाई ऐकेनात. "इंजन जाऊ द्या. पण गाडी घराच्या बाहेर गेली का लोक भाव कराले लागतेत." म्हणजे ते धूड घरच्या गोठ्यातच काढायचं होतं. गोठ्याच्या आड्याला वाळवी लागलेली, त्याला साखळी टांगणं म्हणजे छप्पर डोक्यावर घेणं. तेव्हा बाईंना माहेर आठवलं. त्यांचे वडील बाजारात मापारी होते. धानाची पोती तोलायचा मोठा काटा ज्या तीन लाकडी बल्ल्यांच्या तिपाईला टांगतात, तिच्या सावलीत बाईंचं बालपण गेलं होतं. त्यांनी बाजारातून तशी तिपाई मागवली. तिच्यामागोमाग कप्पी आली, जाड दोर आला, आणि गंज चुलीवर चढल्याबरोबर बाजारातले ओळखीचे हमालही आले.

भोजरामने सकाळपासून बॉनेट, रेडिएटर, नळ्या, नट असं सगळं सोडवून ठेवलं होतं. मीही कमरेला टॉवेल गुंडाळून पुढे झालो. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गुरुजी, तुमी दोराले हात लावू नका. उद्या पोरायले शिकवा लागते." मी बाजूला सरलो. खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं.

इतक्यात दारात बैलांची बंडी थांबली. भाऊजी! इंजिन काढताहेत एवढंच कुणीतरी त्यांना आंबागडला सांगितलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ विक्री ठरली असा घेतला आणि वहिनीचं सामान न्यायला बैल जुंपून आले. बंडीत धानाचं मऊ तणस अंथरलेलं, वर घोंगडी. बाईंना हिसके बसू नयेत म्हणून. गोठ्यातला थाट बघून ते गोंधळले. बाई एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आलेच हा, तं दोर धरा. मंगचं मंग पाहू." वहिनीचा शब्द मोडण्याची त्यांना सवय नव्हती. ते सगळ्यांच्या मागे, दोराच्या शेवटाला उभे राहिले.

दोर ताणला. तिपाई कुरकुरली. इंजिन आधी हललंच नाही, मग एकाएकी जागेवरून सुटलं आणि हळूहळू वर येऊन अधांतरी डोलू लागलं. बाईंचा चेहरा असा उजळला, की त्यांना आपण कुठे आहोत याचं भान उरलं नाही. मापाऱ्याची लेक ती. धान तोलताना पहिल्या पोत्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बाईंनी शुभ व्हावं म्हणून आपल्या त्या खणखणीत आवाजात पुकारा केला, "लाभ!"

आणि हमालांनी दोर सोडला.

त्यांचा काय दोष? बाजारात मापाऱ्याने आकडा पुकारला की पोतं तोललं गेलं. हातातलं लगेच खाली सोडायचं. जन्मभर हातांनी तेच केलेलं. इंजिन सर्रकन खाली येऊ लागलं. त्याच्या खाली मोटारीत अर्धा वाकलेला भोजराम होता. पण इंजिन वीतभर घसरून थांबलं. भाऊजींनी बाजार कधी पाहिला नव्हता. 'लाभ' म्हणजे सोडा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते होते शेतकरी. ओढाळ बैलाचा दोर खांबाला वेढा देऊन धरतात, तसा त्यांनी हा दोर गव्हाणीच्या खांबाला आधीच वेढून ठेवला होता, आणि पाय रोवून, डोळे मिटून ते तो एकटे धरून होते. तळहाताची सालटी निघत होती तरी.

सगळ्यांनी पुन्हा दोर पकडला. बाईंनी पदराचा बोळा करून दातात धरला, आणि काम होईपर्यंत काढला नाही. मोटार मागे ढकलली, इंजिन मोकळं लटकत राहिलं. मग भाऊजीच म्हणाले, "माही बंडी लावा खाली." वहिनीसाठी अंथरलेल्या तणसावर इंजिन टेकलं. बंडी मागे उलंडू लागली, तशा बाई ओरडल्या, "गुरुजी, समोर बसा! तुमचं वजन आता कामी येऊ द्या!" मी जुवाजवळ बसलो. माझ्या देहाचा समाजाला झालेला तो एकमेव उपयोग.

नंतर ओसरीवर बाई भाऊजींच्या हाताला हळद आणि तेल लावत होत्या. त्या रडत होत्या. "चूक माही. पोराचा जीव गेला असता आज," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. भाऊजींनी हात तसेच पुढे धरून ठेवले. मग म्हणाले, "मी तुमाले न्याले आलो होतो."

"माहीत हाय."

"आता कसं नेऊ? हाताले फोड आले. सामान उचलनं होत नाही." आणि ते इंजिन नागपूरला धाडायला स्टेशनकडे निघाले, बैल हाकायला भोजरामला बसवून.

तुळशीच्या लग्नाआधी इंजिन परत आलं, मोटारीत बसवलं आणि चाललं. पुढे मी तिथे असेपर्यंत तो विषय भाऊजींनी खरोखरच कधी काढला नाही. काही वर्षांनी माझी बदली साकोली तालुक्यात झाली. निघताना बाई भोजरामसोबत मला मोटारीने स्टेशनवर सोडायला आल्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा "पत्र टाकजा," एवढंच म्हणाल्या. मी टाकलं नाही. माणसं आहेत तिथेच राहतील असं आपल्याला वाटत असतं.

तिथल्या सानगडीच्या बाजारात एकदा कुणीतरी मागून माझा खांदा धरला. भाऊजी होते, बैल बघायला आलेले, खूप थकलेले. बाई गेल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. आम्ही एका झाडाखाली बसलो.

"लय बिमार होत्या," ते सांगू लागले. "मी म्हटलं, वहिनी, आता तरी चला. तं म्हणे, चला, तुमची नातवंडं पाहून येऊ. भोजरामनं गाडी काढली. दिवसभर राहिल्या आमच्या घरी. जेवल्या, हसल्या. पोरायनं त्यायचं अंथरूनही टाकलं होतं." भाऊजींनी डोळे पुसले.

"मंग?"

"मंग काय, गुरुजी? सांज झाली तशा माह्याकडे पाहाले लागल्या. बोलल्या काही नाही. मीच उठलो, त्यायले उचलून गाडीत बसवलं, आन तुमसरले नेऊन त्यायच्या घरी सोडलं. चूल मी पेटवून देल्ली."