लहान माप मिळत नाही

“आमच्याकडे लहान माप मिळत नाही.” एवढं बोलून अण्णा मान फिरवायचे. तुम्हाला वाटेल, कपड्यांचं नाहीतर चपलांचं दुकान असेल. अण्णांचं दुकान मयताच्या सामानाचं होतं. पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं दुकान आणि त्याला लागून माझं मेडिकल. या शेजारावरून लोकांनी किती विनोद केले असतील ते तुम्हीच ठरवा. सगळ्यांत वाईट विनोद अण्णांचाच असायचा. “ताई, तुमचा धंदा नीट करा,” सकाळी शटर वर करता करता ते म्हणायचे. “मला बसून राहायला आवडतं.”

दुकानात बांबू, मडकी, गोवऱ्या, कोरं पांढरं कापड. गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायचं नाही आणि निघताना ‘परत या’ तर मुळीच नाही, असा त्या धंद्याचा रिवाज. अण्णा तोंडाने स्वागत करायचे नाहीत, पण एक प्रश्न विचारायचेच, “कशानं गेले?” कोणी देवाची इच्छा म्हणालं की त्यांचं डोकं फिरायचं. देवाला कशाला मध्ये घेता, ताप होता का, जुलाब होते का, दवाखान्यात कधी नेलं, असं खोदून खोदून विचारायचे. दुःखातल्या माणसांशी हे वागणं मला पटायचं नाही आणि मी तसं सांगायचेही. ऐकतील तर ते अण्णा कसले.

त्यांच्या फडताळाचा सगळ्यांत खालचा खण मात्र रिकामा. त्यात उदबत्तीचा पुडाही ठेवू द्यायचे नाहीत. वडिलांच्या वेळी त्या खणात लहान मुलांसाठी कापलेले पांढरे तुकडे घड्या करून तयार असायचे. पटकी आली, देवी आल्या, की कापत बसायला सवड मिळायची नाही. त्याच खणातून वडिलांनी स्वतःच्या पोरांसाठीही कापड काढलं होतं. अण्णा त्या सगळ्यांच्या पाठचे. हा तरी जगावा म्हणून आईने त्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि मरणाची नजर पडू नये असं दगडाधोंड्यांतलं नाव ठेवलं. “मी नावानं नाय वाचलो,” ते म्हणायचे. “लस टोचली, गल्लीत नळ आला, म्हणून वाचलो.” दुकान हातात आल्याबरोबर त्यांनी तो खण रिकामा केला. कोणावर खरंच तशी वेळ आली तर ते ताग्यातून तुकडा फाडून द्यायचे, पण आधी कापून ठेवायचा नाही म्हणजे नाही.

एका उन्हाळ्यात गल्लीत जुलाबाची साथ आली. पाण्याची लाइन गटाराजवळ फुटली होती, नळाला वास मारत होता, आणि पाण्याच्या ऑफिसात तक्रारी देऊन आम्ही थकलो होतो. समोरच्या चहावाल्याची नुकती चालायला लागलेली नात दवाखान्यात होती. एका दुपारी तिचा मामा अण्णांच्या दुकानाशी येऊन उभा राहिला. डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. ऐनवेळी धावपळ नको म्हणून घरातल्या कोणा मोठ्या माणसाने त्याला पुढे पाठवलं होतं.

“पोरगी जित्ती हाय ना?” अण्णांनी विचारलं. त्याने मान हलवली.

“मग इथं काय करतो? लहान माप मिळत नाही. जा तिच्यापाशी.”

तो गेला. मी अण्णांना पाणी दिलं, तर अशा वेळीही त्यांनी ते उकळलेलं आहे का, हे आधी विचारून घेतलं. मग बांबू घेतले आणि एक तिरडी बांधली. ती हातगाडीवर टाकून ते थेट पाण्याच्या ऑफिसकडे निघाले. मी मेडिकल बंद करून मागे धावले.

तिरडी त्यांनी बरोबर ऑफिसच्या दारात ठेवली. साहेब बाहेर आले, हे काय म्हणून विचारू लागले.

“रिकामी हाय,” अण्णा म्हणाले. “लाइन दुरुस्त झाली की घेऊन जाईन. त्याआधी कोणाला लागली, तर खांदा तुम्ही द्यायचा.”

साहेबांनी शिपायाला ती उचलायला सांगितली. रिकाम्या तिरडीला हात लावायला शिपाई तयार होईना, आणि साहेबांचाही हात पुढे होईना. सगळं ऑफिस मागच्या दाराने ये-जा करायला लागलं. अण्णांच्या बायकोने, मेलेलं कोणी नसताना तिरडी बांधणं म्हणजे मरणाला आमंत्रण, असं म्हणून त्यांना फैलावर घेतलं. आमंत्रण ऑफिसने आधीच देऊन ठेवलंय, मी ते परत घ्यायला लावतोय, असं अण्णांनी तिला सुनावलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत खोदकाम सुरू झालं. मला त्या दिवशी अण्णांचा फार अभिमान वाटला.

पोरगी घरी आली. धावायला लागल्यावर लपाछपीसाठी तिला सगळ्या गल्लीत एकच जागा आवडायची, अण्णांचा तो खालचा खण. पहिल्यांदा ती त्यात जाऊन बसली तेव्हा तिची आजी किंचाळतच आली.

अण्णांनी तिला हाताने अडवलं. “बसू दे,” ते म्हणाले. “या खणात हसणारं पोर पहिल्यांदाच बघतोय.” आणि ते चक्क डोळे पुसत होते.

मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले. त्यांची तिरडी बांधत असताना गर्दीतून कोणीतरी सवयीने विचारलं, कशानं गेले? वयानं, मुलाने सांगितलं. अण्णांना हे उत्तर फार आवडलं असतं.

दुकान आता मुलगा चालवतो. खण अजून रिकामाच आहे. चहावाल्याची नात शाळेतून येताना कधी कधी दप्तर टाकून त्यात बसायला बघते. पण आता तिचे गुडघे बाहेर येतात. त्या खणात ती मावत नाही.