कोमट चमचा

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. अमेरिकेतल्या नोव्हाय गावाजवळच्या त्यांच्या घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. मी जुनी अमेरिकन चांदी जमवतो, म्हणून सकाळीच पोचलो. दोनशे वर्षांपूर्वीचे चमचे मिळाले, पण सेटमधला एक कमी होता. "अर्धवट सेट काय कामाचा?" मी विकणाऱ्या माणसावर आवाज चढवला.

स्वयंपाकघरात त्या म्हाताऱ्या बाई ओटमील खात होत्या. त्या उठल्या, हातातला चमचा नळाखाली धुतला, स्वेटरच्या बाहीला नीट पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"सॉरी, मला खायला जरा वेळ लागतो."

बोलमधलं ओटमील अर्धंच संपलं होतं. चमचा अजून कोमट होता. शरमेनं माझी मान खाली गेली. तेवढ्यात माझ्याच बोटांनी चमचा उलटा केला, आणि मी चांदी अस्सल असल्याची खूण, कारागिराचा शिक्का, शोधू लागलो.