सहाणेवरची गोळी

आमच्या शेजारचे काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, पण कुठलंही काम सुरू करताना ते अजून "लाइन क्लिअर!" म्हणतात. काकूंना पाण्याचा पेला देतानासुद्धा.

काकूंना अख्खी गोळी गिळायची भीती वाटते. म्हणून काका त्यांची रक्तदाबाची गोळी सहाणेवर मधात उगाळून चाटवायचे, बाळाला गुटी देतात तशी. थोड्या वेळाने काकूंना चक्कर यायची. मी फार्मसीला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. ती गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळून रक्तात जावी अशी बनवलेली असते, हे मी पेपरात लिहून आलो होतो; काकांना सांगायचं मात्र धाडस होत नव्हतं. शेवटी चाचरत सांगितलं.

काकांनी सहाण बाजूला सरकवली. "म्हणजे भैया, सगळे पॅसेंजर मी एकाच स्टेशनावर उतरवत होतो?"

"डॉक्टरांना एकदा विचारा ना, काका."

ते लगेच जाऊन विचारून आले. गोळी अख्खीच द्यायची होती. आता ते सहाणेवर बदाम उगाळतात आणि त्या चाटणात गोळी लपवतात. काकूंना चक्कर येत नाही.

परवा सहाणेचा आवाज चालू असताना काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "अख्खी असते रे, जिभेला लागते ना. त्यांना बोलू नकोस हं."

"लाइन क्लिअर!" काका चमचा घेऊन आले. काकूंनी डोळे मिटून तोंड उघडलं.