काचेपलीकडची बोटं

मोटारीची जुनी गादी उसवली की आतून काय काय निघतं! केसांच्या पिना, सुकलेलं लिंबू, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. मालकाला पत्ताच नसतो की हे सगळं आपण इतकी वर्षं बुडाखाली घेऊन हिंडतोय. किश्श्यांचंही तसंच होतं. सोलापुरात माझं मोटारींच्या कुशनचं दुकान होतं, शेजारी टॅक्सी स्टँड. सत्तरच्या दशकातले हे किस्से तिथेच साठले, आता एकेक उसवतोय.

कुशनपेक्षा माझा खरा धंदा चालायचा तो उन्हाळ्यात. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे! मार्च लागला की लोक यायचे आणि म्हणायचे, "काचेला निळा कागद लावा." रंगीत जिलेटीनचा कागद, पाणी मारून डिंकाने बसवायचा. आत गारवा किती यायचा देव जाणे, पण रुबाब यायचा.

प्रश्न एकच. काच किती काळी चालते? गाडी पासिंगला नेली की आरटीओचे इनामदार साहेब अडवायचे. नियमांचं पुस्तक होतं इंग्रजीत, ते आमच्यापैकी कुणी उघडलेलं नव्हतं. शेवटी मीच धीर करून विचारलं. साहेब म्हणाले, "राजाभाऊ, तुम्ही मला दिसला पाहिजे आणि मी तुम्हाला. बाकीचा कायदा मी घरी जाऊन वाचतो!"

त्यांची परीक्षाही तशीच साधी. ड्रायव्हरने आत बसून काच वर करायची. साहेब दहा पावलांवर उभे राहून बोटं दाखवणार, ड्रायव्हरने किती ते ओरडून सांगायचं. मग ड्रायव्हरने दाखवायची, साहेब मोजणार. दोन्ही जुळली तर काच पास, नाहीतर तिथल्या तिथे कागद काढायचा. त्यामुळे पासिंगच्या दिवशी मी बादली आणि पत्ती घेऊन आरटीओच्या मैदानात हजर! कागद लावणाराही मीच, खरवडणाराही मीच.

*

दुधनीचे एक आडतदार होते, गुरुपादप्पा. नवी कोरी अँबेसिडर. म्हणाले, "पार काळी करा. अक्कलकोट रोडला मी दिसलो की वळखीचं मानूस हात करतंय, गाडीत बसतंय!" मी दुहेरी कागद लावला.

महिन्याभरात स्वारी परत आली. "काढा सगळा!"

झालं होतं असं. मुलीचं लग्न ठरत होतं. वैरागहून मुलाचे वडील बघायला आले. दारात ही गाडी. गाडीत गुरुपादप्पा, बायको आणि नवरी मुलगी, देवाला जाऊन नुकतेच परतलेले. पाहुण्यांना वाटलं, गाडी रिकामी आहे. काचेत त्यांना आपला चेहरा दिसला. त्यांनी टोपी काढून केस बसवले, मिशी पिळली आणि मग कवळी काढून, धोतराच्या सोग्याने पुसून, परत बसवली! आतली तिघं श्वास रोखून बसलेली.

मी विचारलं, "मग लग्न झालं का?"

"झालं की! पण इहीन म्हनून याह्याच्या समोर गेली की माजी बायको अजून पदर तोंडात कोंबतीय!"

*

स्टँडवरचे बाबूभाई म्हणजे वकील व्हायचे ते ड्रायव्हर झालेले. त्यांनी काळ्या कागदाला मधोमध रुपयाएवढं भोक पाडलं. मला म्हणाले, "दिखना चाहिए ना? दिखेगा!"

मैदानात साहेब उभे राहिले आणि त्यांनी बोटं वर केली. आत बाबूभाईंची मान वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. शेवटी भोकातून आवाज आला, "साब, जरा छेद के सामने आओ ना!"

साहेब म्हणाले, "बाबूभाई, रस्त्यावरच्या म्हशीलाही हेच सांगणार का?"

मी बादली उचलली.

*

शहराच्या पूर्व भागातले एक यंत्रमागवाले होते, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांनी कागदाची भानगडच ठेवली नाही. आपल्याच मागावरच्या चादरी फाडून चारी काचांना पडदे केले! साहेब म्हणाले, "हे काय?"

"सॅम्पल हाय की साहेब. गिऱ्हाईकाला दाखवायला लागतंय."

"मग गिऱ्हाईकाला बाहेर उभं करता का?"

ते गृहस्थ गडबडले. पडदे काढले. साहेबांनी एक हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "वीण मात्र झकास आहे हो." तो माणूस वर्षभर ते वाक्य सांगत हिंडत होता. नापास होऊन इतका खूश झालेला दुसरा कुणी मी पाहिला नाही.

*

आता माझी फजिती. साहेब सरकारी जीपमधून करमाळ्यापर्यंत भर उन्हात हिंडायचे. मला वाईट वाटलं. ते ऑफिसात असताना मी गुपचूप जीपच्या मागच्या काचेला छान हिरवा कागद लावला. भेट म्हणून!

साहेब आले. त्यांनी मला जीपमध्ये बसवलं, दहा पावलं मागे गेले आणि बोटं दाखवली. मी म्हणालो, "चार."

"तीन! जीप नापास."

आणि खरंच फॉर्म घेऊन स्वतःच्या जीपबद्दल नापासाचा शेरा लिहिला! मी खरवडून होईपर्यंत शेजारी उभे राहिले, मग आपल्याबरोबर चहाला नेलं. अधिकारी असा असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्या माणसाचे माझ्यावर, आम्हा सगळ्यांवरच, फार उपकार आहेत. त्यातला सगळ्यात मोठा कोणता, ते आता सांगतो.

*

सिद्रामप्पा स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. दोन मुली लग्नाच्या, घर त्या एका टॅक्सीवर. एका वर्षी ते माझ्याकडे आले. जन्मात कधी कागद न लावणारा माणूस म्हणाला, "राजा, लाव की कागद. ऊन लई हाय."

बोलता बोलता त्यांनी रस्त्यापलीकडे हात केला. "बाबूभाई आलं बग." तिकडे पोस्टाची पेटी होती.

मी त्यांना तसं सांगितलं. ते खाली मान घालून म्हणाले, "कुनाला बोलू नगंस. चष्मा लागला की लायसन गेलं."

स्टँडवर हे सगळेच मानायचे. एकालाही कुणी असं लिहून दिलेलं नव्हतं, पण चष्मा लावलेला ड्रायव्हर म्हणजे संपलेला ड्रायव्हर, ही सगळ्यांची खात्री! म्हणून त्यांना कागद हवा होता. बोटं चुकली तर दोष काचेचा.

मी कागद लावला. चूक केली, आजही म्हणतो. त्यानंतर रोज त्यांची गाडी स्टँडवर परत येईपर्यंत माझं शिलाईत लक्ष लागायचं नाही. आतल्या पॅसेंजरचा विचार आला की टाके चुकायचे.

पासिंगचा दिवस आला. साहेबांनी बोटं दाखवली.

"तीन!" अप्पा ओरडले.

दोन होती. साहेब मला म्हणाले, "कागद काढा." मी खरवडला. परत बोटं.

"तीन!"

एकच होतं. साहेब दोन पावलं पुढे आले. "अप्पा, काच खाली घ्या." अप्पांनी हँडल फिरवलं, काच पूर्ण दारात गेली. साहेबांनी हात वर केला. मैदानात वीसेक ड्रायव्हर बघत होते. अप्पांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"...तीन?"

साहेबांची मूठ मिटलेली होती.

ते चालत गाडीपाशी आले. हात आत घालून त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. मला वाटलं, संपलं! मग ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राजाभाऊ, काम नीट करत जा. काचेवर कागद राहिलाय अजून. पंधरा दिवस देतो, तोवर गाडी हलणार नाही."

मी म्हणालो, "व्हय साहेब, राहिलाय."

साहेबांनी किल्ली घेतली होती, लायसन नाही, हे सांगून मी अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पंधराव्या दिवशी अप्पा काळ्या जाड काड्यांचा चष्मा लावून गाडीत बसले. काच वर केली. साहेबांनी खिशातली किल्ली काढून माझ्याकडे दिली, पूर्वीसारखेच दहा पावलं मागे गेले आणि बोटं वर केली.

अप्पांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग त्यांनी काच खाली घेतली, डोकं बाहेर काढलं.

"दोन हायत, साहेब. आन् तुमच्या शर्टाची बटनं एक घर चुकल्यात!"

साहेबांनी खाली बघितलं. आमच्याकडे पाठ करून बटणं एकेक नीट लावली आणि पाठमोरेच म्हणाले, "पास!"