सहाव्या मैलाचा काळवीट

देवाने सोलापूरच्या वाट्याला जेवढा संशय दिला होता, तेवढा सगळा एकाच माणसात भरलेला मी पाहिला आहे. ते गृहस्थ आमच्या साप्ताहिकाचे प्रूफवाचक होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून झाले की कच्चा छाप त्यांच्या टेबलावर जाई, आणि त्यांनी कोपऱ्यात सही केल्याशिवाय संपादकांचा अग्रलेखही यंत्रावर चढत नसे. सगळे त्यांना पंत म्हणत. मजकूर ते तीनदा वाचत: एकदा सरळ, एकदा शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, आणि एकदा कागद उजेडाला धरून. अक्षरावर ठिपका दिसला, की तो अनुस्वार आहे की माशीची घाण, हे नखाने खरवडून पाहिल्याशिवाय पुढे जात नसत. आमच्या अंकात 'चूक-दुरुस्ती' नावाचे सदर होते. एकोणीस वर्षांत ते आपल्यामुळे एकदाही भरावे लागले नाही, हा त्यांचा एकमेव अभिमान.

गावाचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. पंतांना भोंग्याचा संशय होता. कामगारांना लवकर आत घ्यायला तो दोन मिनिटे आधी वाजवतात, असे त्यांचे मत. म्हणून ते खिशात घड्याळ बाळगत, घड्याळाचाही संशय, म्हणून स्टेशनवर जाऊन ते लावत, आणि एकदा स्टेशनमास्तरांनाच विचारून आले, "तुमचं हे घड्याळ तुम्ही कुणाच्या घड्याळावर लावता?" घराचे कुलूप ते सात वेळा ओढून पाहत. मग शेजारच्या तेलुगू विणकराला हाक मारून त्यालाही ओढायला लावत. तो बिचारा हौसेने ओढी. एकदा पंत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन थबकले आणि मला म्हणाले, "हा माणूस रोज इतक्या जोरात का ओढतो हो?"

असा हा माणूस दर रविवारी सकाळी भाकरी आणि शेंगाचटणी बांधून बार्शीच्या सर्विस मोटारीत बसे आणि मध्येच कुठेतरी उतरे. त्या बाजूला त्यांचे कोणी नव्हते. छापखान्यात तर्क चालू झाले. कोणी म्हणे दुसरे बिऱ्हाड, कोणी म्हणे गुप्त पोलीस. बातमीदाराने तर्क करू नये, जाऊन पाहावे, असे मला शिकवलेले होते. चैत्रातल्या एका रविवारी मी त्यांच्या मागच्या मोटारीने निघालो. पंत कुठे उतरतात हे ड्रायव्हरला ठाऊक होते. सहाव्या मैलाच्या दगडापाशी त्याने मला सोडले.

रस्त्यापासून आत राखीव कुरण होते. वाळलेले गवत, एक विहीर, विहिरीशेजारी मेंढ्यांना पाणी पाजायची दगडी डोण. मेंढ्यांच्या कडेला बाभळीखाली दोन घोंगड्या बसल्या होत्या. एका घोंगडीत म्हातारा धनगर होता, दुसरीत पंत.

"मागावर आलात," पंत मान न वळवता म्हणाले.

"सहज आलो."

"सहज कुणी सहा मैल येत नाही. बातमीसाठी आलात की मैत्रीसाठी?"

"मैत्रीसाठी," मी म्हणालो. ते निम्मे खरे होते.

धनगराने आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकली. "बसा की सायेब. ती पांढरी टोपी काडा आदी. आन् बोलू नगा. तुमच्या पंतास्नी गप बसाय शिकवाय मला दोन उनाळं लागलं."

"ऐका याचं," पंत कुजबुजले, "पण लक्षही ठेवा. मेंढरं चाळीस म्हणतो, मी मोजली तर एकेचाळीस."

"काल येक व्याली की वो!" धनगर म्हणाला. "आता तिलाबी तुमास्नी इचारून व्याला पायजे व्हय?"

तासाभराने गवत हलले. काळवीट होता. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरे, पिळाची शिंगे, डावा कान फाटलेला. एक पाऊल टाकून तो थांबे आणि दुसरे हवेतच धरी. मेंढ्या त्याच्या ओळखीच्या होत्या; नवा मीच होतो. तो मागे गेला, बाजूने आला, नाक वर करून वारा घेतला, पुन्हा मागे गेला. डोणीपर्यंत यायला त्याने अर्धा तास घेतला. शेवटी आमच्यात सहा हातांचे अंतर राहिले. पाणी पितानाही त्याचा एक डोळा माझ्यावरच होता. त्याच्या घशातून उतरणारा घोट मला ऐकू आला.

मी पंतांकडे पाहिले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या कुठे गेल्या होत्या कोण जाणे. "पाहिलंत?" ते अगदी हळू म्हणाले. "एक अक्षर वाचतो, मागं जातो, पुन्हा वाचतो. मी याच्या हाताखाली उमेदवारी करायला हवी होती. माझ्याहून संशयी असा हा एकच जीव, आणि हा मला जवळ बसू देतो."

निघताना धनगर म्हणाला, "गावात बोलू नगा ह्ये. मोटारीतनं बंदूकवालं येत्यात. पल्याडच्या माळाव येकबी ऱ्हायला न्हाय." मी मान डोलावली.

बुधवारी दुसऱ्या पानावर आठ ओळींची जागा उरली. रिकामी जागा बातमीदाराला पाहवत नाही. मी आठ ओळी लिहिल्या. पंतांचे नाव घातले नाही, धनगराचेही नाही. जागा मात्र दिली, कारण जागा नसलेली बातमी ही बातमीच नव्हे, असे मी मानत होतो: बार्शी रस्ता, सहावा मैल, विहिरीची डोण.

प्रूफ पंतांकडे गेले. त्यांनी ते सरळ वाचले, उलटे वाचले, उजेडाला धरले.

"सहावा मैल नक्की?"

"नक्की."

"रस्ता?"

"बार्शीचा."

त्यांनी सही केली. माझ्याकडे पाहिले नाही.

शनिवारी अंक निघाला. बातमीत 'अक्कलकोट रस्ता' असे छापले होते. मी प्रूफ काढून पाहिले. 'बार्शी' खोडून 'अक्कलकोट' केले होते, पंतांच्या सुवाच्य अक्षरात. रविवारी दोन मोटारी बंदुका घेऊन अक्कलकोट रस्त्यावर दिवसभर फिरल्या. तिकडचे कानडी शेतकरी काळवीट म्हटले की "इल्ला, इल्ला" म्हणून हात हलवत. सोमवारी ती मंडळी तणतणत कचेरीत आली.

"पंत, तुमच्या हातून?" संपादक म्हणाले. "एकोणीस वर्षांनी?"

"झाली खरी. नजरचूक," पंत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. सगळा छापखाना हातातले काम थांबवून त्यांच्याकडे पाहत होता.

संपादक माझ्याकडे वळले. "दुरुस्ती लिहा. चूक कुणाची आणि खरी जागा कोणती, दोन्ही आलं पाहिजे."

मी लिहिली. 'गेल्या अंकातील काळविटाचे वृत्त बातमीदाराने ऐकीव माहितीवरून दिले होते. चौकशीअंती ते निराधार ठरले. दोष सर्वस्वी बातमीदाराचा.' पुढे तीस वर्षे मी बातम्या लिहिल्या; जाणूनबुजून छापलेला खोटा मजकूर एवढाच. तो छापून आल्यावर संपादकांनी माझी रवानगी बाजारभावांच्या सदरावर केली.

पण त्याआधी त्याचे प्रूफ पंतांच्या टेबलावर गेले. मी समोर उभा होतो. एकदा सरळ, एकदा उलटे, एकदा उजेडाला, असा हिशेब धरून मी वाट पाहत होतो. पंतांनी चष्मा काढला, तो घडी करून ठेवला, टाक दौतीत बुडवला आणि कोपऱ्यात सही केली.

"वाचलं नाहीत?"

"तुम्ही लिहिलंय ना," पंत म्हणाले. मग टाक पुसत, "रविवारी भाकरी दोघांची आणतो. टोपी घरी ठेवा."

पुढे किती रविवार गेलो, ते लिहून ठेवले नाही. पंत गेले. धनगर गेला. फाटक्या कानाच्या काळविटाचे काय झाले, याची खात्रीलायक माहिती माझ्याकडे नाही. दुरुस्तीचे ते प्रूफ मात्र मी जपून ठेवले आहे. सहीशेजारी एक काळा ठिपका आहे. शाई असेल, माशी असेल. मी अजून नखाने खरवडून पाहिलेले नाही.