देऱ्यातला निळ्या काठाचा मग

दुबई पहिल्यांदा दिसली ती जहाजाच्या कठड्यावरून, आणि बघण्यासारखं फार काही नव्हतं. पिवळट किनारा, बसकी घरं, काही घरांवर वारा खाली ओढणारे चौकोनी मनोरे. जहाज बाहेर खोल पाण्यातच थांबलं. तिथून शिडीने हलत्या पडावात, किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या होडीत, उतरायचं होतं. मी साडी खोचली, बाळंतपणाची पेटी आधी खाली सोडली आणि मागोमाग उतरले. पडाववाला "यल्ला, यल्ला" (चला, लवकर) करत होता. घाई त्याला होती, पाय माझे होते.

मी रत्नागिरीत परिचारिका. बाळंतपणं करण्यात अर्धं आयुष्य गेलं. शेजारच्या हाजराबीची मुलगी जुलेखा नवऱ्याबरोबर इथे देऱ्यात राहते. तिची दोन मुलं पोटातच गेली. आता पुन्हा दिवस भरत आले आणि हाजराबीचे गुडघे जहाज चढायला तयार होईनात. एका सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. "बाय, तूच जा. मी गेले तरी नुसती रडत बसेन." रजा शिल्लक होती. निघाले.

देरा म्हणजे खाडीच्या उत्तरेचं गाव. खाडीला इथे 'खोर' म्हणतात. काठाला लाकडी गलबतं एकमेकांना खेटून उभी, आणि त्यांतून तांदूळ, खजूर, कापडाचे तागे उतरत असतात. वीज नुकतीच आली आहे, पण सगळीकडे नाही. नोटा आपल्याच रुपयांच्या, रंग तेवढा वेगळा. पाणी गाढवावरून डब्यांत येतं आणि मचूळ लागतं. कनाद नावाचा मासा मोठ्या कौतुकाने दाखवला, तर ती आपली सुरमई निघाली.

जुलेखाचा नवरा युसुफ आधी जहाजावर खलाशी होता. आता एका व्यापाऱ्याचा माल उतरवून घेतो. तिशीचा, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. शेजारी दाभोळचे कासममामू राहतात. युसुफच्या वाट्याचं बोलणं तेच उरकतात.

पोहोचले त्याच दिवशी माझ्या हातून घोळ झाला. चुलीजवळ कप फळीवर मांडलेले होते आणि बाजूच्या खुंटीला इनॅमलचा एक पांढरा, निळ्या काठाचा मग एकटाच टांगलेला होता. आमच्याकडे मुसलमान घरांतून हिंदू पाहुण्यासाठी वेगळं भांडं राखून ठेवतात. पाहुण्याने ते ओळखावं आणि चर्चा करू नये. मी मग काढला, चहा ओतला आणि प्यायले.

 युसुफने माझ्या हातातून तो मग जवळजवळ हिसकावला.

"त्यात नको, बाय."

"का रे? माझ्यासाठीच ठेवलाय ना?"

जुलेखाने मान खाली घातली. कासममामू हसले. "तो आमच्या लाटसाहेबाचा हाय. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, अंथरूणसुद्धा अंगणात. जहाजावर गोऱ्यांबरोबर राहून शिकला. बायकोच्या हातचं उष्टं चालत नाय त्याला."

 युसुफ तो मग राखेने घासत राहिला, बराच वेळ.

मी त्याच्याकडे लक्ष ठेवलं. खोकला नाही, अंगावर चट्टा नाही, बोटांना संवेदना शाबूत. क्षय नाही, कुष्ठ नाही. बायकोवर राग असावा, तर तोही नाही. रोज संध्याकाळी तिच्यासाठी डाळिंब आणायचा आणि उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचा.

माझ्याकडचा टाक्यांचा दोरा प्रवासात भिजला होता. शारजाला एका मलबारी कंपाउंडरकडे मिळेल असं कळलं. युसुफ मला घेऊन गेला. रस्ता म्हणून काही नाही. ओहोटी असेल तेव्हा किनाऱ्यावरून जीप न्यायची. जाताना ठीक गेलो. येताना चाकं वाळूत रुतली. ड्रायव्हर शिव्या देत फावड्याने वाळू उपसू लागला आणि आम्हाला हात लावू देईना. मी पेटीवर बसले. युसुफ लांब, त्याच्या अंगावरचा वारा माझ्याकडे येणार नाही अशा बाजूला बसला.

"इकडे ये," मी म्हटलं. "आणि तुला काय झालंय ते सांग. मी बाळंतपण करणार आहे. मला माहीत हवं."

त्याने आधी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याला आपली भाषा येत नव्हती.

"पॅसिफिकात होतो, बाय. बेटाबेटांवरून सुकं खोबरं गोळा करायचो. एका बेटाशी जहाजाचं यंत्र बिघडलं. महिनाभर तिथंच. त्या लोकांच्या ताटात जेवलो. खेकडे, शहाळी, सगळं."

"बरं."

"त्याआधी काही वर्षं गोऱ्यांनी लांब समुद्रात तो मोठा बॉम्ब फोडून बघितला होता. नंतर त्या बेटावर पांढरी राख पडली. पोरं तिच्यात खेळली. अंगाला फोड आले, केस मुठीनं गेले. त्यांना दुसरीकडे नेलं, मग परत आणून सोडलं. आता बरं आहे, राहा म्हणाले." तो वाळूत बोट फिरवत होता. "मी गेलो तेव्हा फोड नव्हते कुणाला. पण पोरं वाढत नव्हती. काहींच्या मानेत गाठी. बायांची पोटं टिकत नव्हती. एका बाईनं मला तिचं मेलेलं मूल दाखवलं. मी बाहेरचा माणूस. तिला वाटलं, मी कुणाला तरी जाऊन सांगेन."

"सांगितलंस?"

"मी खलाशी. मी कुणाला सांगू?" मग हळू म्हणाला, "घरी आलो, लग्न झालं. दोन गेली. ते माझ्या अंगातून तिच्या अंगात गेलं, बाय. म्हणून तिला पुन्हा दिवस गेल्यापासून हात लावत नाय."

मला त्या बॉम्बविषयी वर्तमानपत्रात आलं होतं तेवढंच माहीत होतं. पण हाडांचे फोटो काढणाऱ्या क्ष-किरण खात्याशेजारी मी काम केलं आहे; असे किरण अंगाला काय करतात ते तिथे ऐकलं होतं.

"नीट ऐक," मी म्हटलं. "हा साथीचा रोग नाही. मगातून जात नाही, टॉवेलातून जात नाही, हातातून जात नाही. खाण्यातून तुझ्या पोटात काही गेलं असेल तर ते तुझ्यापाशी. दोन मुलं का गेली ते मला ठाऊक नाही. जुलेखाला दोन्ही वेळा हिवताप झाला होता, त्यानेही जातात. खात्रीने सांगणारं माणूस आज कुणी असेलसं वाटत नाही."

"आणि हे तिसरं?"

"तेही बघितल्यावरच सांगेन. मान वर कर."

मी त्याच्या गळ्यावर बोटं ठेवली. "गिळ."

"काय गिळू?"

"थुंकी गिळ. पुन्हा." गाठ असली तर गिळताना बोटांखाली सरकते; लागली नाही. "आज काही नाही. दर वर्षी एखाद्या डॉक्टरकडून बघून घ्यायचं. रक्तही."

त्याचे डोळे भरले. ड्रायव्हरने "खलास" (झालं) म्हणून हाक मारली आणि आम्ही जीप ढकलायला उठलो.

घरी येऊन मी खुंटीवरचा मग काढला, चहा ओतला, अर्धा प्यायले आणि उरलेला जुलेखापुढे ठेवला. तिने युसुफकडे पाहिलं. तो दारात उभा होता. "सांगतो तुला सगळं," तो म्हणाला. कासममामूंना मी खजूर आणायला पाठवलं. त्यांना जायचं नव्हतं.

दोघं बराच वेळ बोलत होती. बाहेर आली तेव्हा जुलेखाचं नाक लाल होतं. मला म्हणाली, "मना वाटलं, मी त्याला नकोशी झाले." मग तिने तो मग फळीवर इतर कपांच्या रांगेत ठेवला.

चार दिवसांनी, दुपारच्या नमाजाच्या सुमारास मुलगा झाला. बारीक, पण आवाज खणखणीत. मी त्याला उजेडात धरून टाळूपासून टाचेपर्यंत पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा. त्यांच्यात बापाने किंवा वडीलधाऱ्याने बाळाच्या कानात अजान द्यायची असते. कासममामू टोपी सारखी करून पुढे आले.

"मामू, थांबा," मी म्हटलं. "युसुफ, हात धुऊन ये. माझ्यासारखेच, साबणाने. जास्त नको."

तो आला. मी बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. ते धरायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. कोपर वर घे, मी म्हटलं. तो वाकला. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्याने अजान दिली. 

बाळंतिणीचे चाळीस दिवस संपेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, रजा संपत आली होती. पडावापर्यंत युसुफ बाळाला छातीशी धरून आला. "मोठा होताना काही निघालं तर?" त्याने विचारलं. "तर लवकर कळायला हवं," मी म्हटलं. "त्यासाठीच बघत राहायचं." तो म्हणाला, "इन्शाल्ला." मी म्हटलं, "इन्शाल्ला, आणि दर वर्षी."

परतीच्या जहाजावर मला त्या बेटावरची बाई आठवत राहिली. तिच्याकडे कोणती सुईण गेली असेल? तिला कुणी काय सांगितलं असेल? तिला वाटत होतं, कुणीतरी जाऊन सांगावं. युसुफने मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते आहे.

रत्नागिरीच्या धक्क्यावर हाजराबी काठी टेकत उभी होती. "कुणासारखा हाय?"

"बापासारखा."

"चांगला हाय ना?"

"आज चांगला आहे," मी म्हटलं. तिने त्यातला 'आज' बरोबर ऐकला. मला बाजूच्या दगडावर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. बेट, राख, मग, गाठी. रडली नाही. 

"पुढल्या साली माझे गुडघे चढतील जहाज," ती म्हणाली. "बापलेकाच्या माना मीच बघेन. कशी बघायची ती दाखव मना."

तिने डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि हनुवटी वर केली. माणसं सामान घेऊन आमच्याभोवतून चालली होती. मी तिच्या सुरकुतलेल्या गळ्यावर तिचीच बोटं धरून ठेवली.

"आता गिळ," मी म्हटलं.